खळीतलं तिखट

लग्नाच्या मांडवातले कागद चिकटवायच्या खळीत लाल तिखट घालणारा माणूस आमच्या वडगाव रासाईत एकच, आमच्या शेजारचे भिकामामा. खळ कणकेची, आणि शेळ्यांना ती कागदासकट आवडायची, म्हणून तिखट. एका लग्नात वारा सुटला आणि सनईवाल्याला अशा शिंका लागल्या की मंगलाष्टकं थांबली. लोक मामांवर खेकसले, तर मामा म्हणाले, "शेळी तर फिरकली न्हाई ना?"

मामा एकटेच राहायचे, मजुरीला जायचे. पण गल्लीत लग्न ठरलं की पतंगी कागद घेऊन आमच्या ओसरीवर ठाण मांडायचे. पताका, साखळ्या, पाकळ्या दुमडून केलेली फुलं. हात नाजूक, जीव मात्र कायम मुठीत. बल्बाची धग, कुणाची विडी, पोरांच्या उड्या, आभाळातले ढग, सगळ्याची धास्ती. "काय नेम हाय बाबा," हे त्यांचं पालुपद. पंगती बसल्या की मामा ओलं पोतं खांद्यावर टाकून मांडवाखाली फेऱ्या मारायचे.

मांडवपरतणीला नवरी माहेरी येते आणि मगच मांडव उतरतो, ही रीत सगळ्यांचीच. पण मामांचं भलतंच. मांडववाला एक दिवस आधी बांबू न्यायला आला तरी काठी घेऊन आडवे. आम्ही पोरी हसून हसून बेजार व्हायचो.

माझं लग्न झालं आणि हसू पळालं. सासर शिक्रापूरला. परतणीच्या दिवशी मी सकाळीच पिशवी भरून बसले, तर सासरे म्हणाले, आता कशाला, पुढं बघू. पुढं म्हणजे कधी, ते कुणी सांगेना. आता हे आपल्याला कधीच धाडत नाहीत, असं वाटायला लागलं. नवऱ्याला विचारायचीही भीती, ओळख ती किती! रस्त्यावरून रात्रंदिवस ट्रक जायचे आणि मी उशीत तोंड खुपसून रडायचे. शेवटी आठवड्यानं यांना कंपनीत सुटी मिळाली. यांनीच वडिलांना गळ घातली आणि आम्ही एसटी धरली.

घराजवळ आले तर मांडव उभा! पण वर कागद वर्तमानपत्राचे. वळवानं सगळे रंग धुऊन नेले होते. मामा शिडीवर, सदऱ्यावर गुलाबी-निळे ओघळ, हातात रद्दीच्या पताकांची सुतळी. आई म्हणाली, मांडववाल्याशी रोज भांडतात, धड जेवतसुद्धा नाहीत.

"आली व्हय गं?" मामांनी विचारलं. शिडी लटलट कापत होती.

मी म्हटलं, "मामा, मांडव नसता तर मी काय वाटेतून माघारी गेले असते?"

ते हसले नाहीत. हळूहळू खाली उतरले.

"आमच्या तानीला परतणीला धाडलंच न्हाई. बहीण माझी, धाकली. लई वाट बघितली. मग आई म्हणली, काढ आता त्यो कागद. म्या काढला." "दुसऱ्याच दिवशी सांगावा आला, तानी गेली म्हणून."

मामांनी ती सुतळी माझ्यापुढं धरली. "घे, तूच काढ पयली. तू आलीस. आता काय भ्या न्हाई."

मी सुतळीवरची पताका ओढून काढली आणि त्याच हातानं डोळे पुसले. अगं आई गं! रद्दीच्या पताकेच्या खळीतही तिखट होतंच. मामांच्या तोंडचं पाणी पळालं, आणि ते तांब्या आणायला घरात धावले.