गुरगुरणारी कोंबडी

हेर्मिनिओ पाइनेमालच्या खुराड्यात शेवटी रानमांजर सापडलं. ते त्यानेच रोज संध्याकाळी आत कोंडलं होतं, त्याच्याच अंड्यांवर पोसलं गेलं होतं, आणि सापडलं तेव्हा त्याच्या मिशा निळ्या होत्या.

असं काहीही झालेलं नाही. हेर्मिनिओला विचारा, तो हेच सांगेल. तेव्हा वरची दोन वाक्यं आपण वाचलीच नाहीत असं धरू आणि नीट सुरुवात करू.

हेर्मिनिओचं खुराडं तळ्याकाठच्या सगळ्या दरीत नावाजलेलं होतं. जाळी हातभर खोल पुरलेली, छतालाही जाळी, दाराला दोन कड्या. त्यातली दुसरी कडी इतकी चोख होती की ती लावताना खुद्द हेर्मिनिओचं बोट चेमटायचं. कुणाची कोंबडी कोल्ह्याने नेली की बाकीचे लोक हळहळायला जायचे आणि हेर्मिनिओ जाळी बघायला जायचा. वाकून तार ओढायचा, मान हलवायचा आणि म्हणायचा, "कोल्ह्याला काय बोलायचं, पेन्यी. तुम्ही दार उघडं ठेवलंत, तो पाहुण्यासारखा आला." पेन्यी म्हणजे भाऊ. पण त्या वेळी ऐकणाऱ्याला तो शब्द वेगळाच काहीतरी वाटायचा.

ओढ्यापलीकडच्या सुनिल्दा म्हातारीच्या कोंबड्या हिवाळ्यात अशाच गेल्या. सफरचंदाच्या झाडावर झोपायची खोड असलेली एक तपकिरी कोंबडी तेवढी उरली. हेर्मिनिओ तिथेही जाऊन जाळी ओढून आला. घरी आल्यावर त्याची बायको फ्लोरिसा त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही. मग त्याने शब्द दिला: सुनिल्दाची कोंबडी वसंतात खुडूक बसली, की तिच्याखाली ठेवायला आपली निळी अंडी द्यायची. शेपटी नसलेल्या, कानांशी पिसांचे झुबके असलेल्या त्याच्या जुन्या जातीच्या कोंबड्या तशी अंडी घालत. दरीत दुसऱ्या कुणाकडे ती उरली नव्हती.

बदल्यात सुनिल्दाने घोंगडी विणून द्यायची ठरली. अशी देवघेव पुरी झाली की दोघं जन्मभर एकमेकांना 'त्राफकिन' म्हणतात, आणि त्या नात्यात मग भांडायचीही सोय राहत नाही. घोंगडी सुनिल्दाने आधीच दिली होती. हेर्मिनिओ ती पांघरून झोपतही होता.

आणि नेमकी निळी अंडी नाहीशी व्हायला लागली.

"आजही गेली," हेर्मिनिओ चुलीपाशी बसत म्हणाला.

फ्लोरिसाने माते, म्हणजे तिथला कडवट चहा, भरून पेला त्याच्या हातात दिला. "सगळी?"

"तपकिरी आहेत. हिरवट आहेत. निळी तेवढी नाहीत."

"उंदीर असेल."

"माझ्या खुराड्यात हिवाळ्यापासून एक तरी उंदीर दिसलाय तुला?"

हे खरं होतं. उंदीर एकाएकी संपले होते, आणि त्याचंही श्रेय हेर्मिनिओने जाळीला दिलं होतं.

"जनावरांना रंग कळत नाहीत," तो म्हणाला. "रेडिओवर सांगितलंय. म्हणजे चोर माणूस आहे. त्यातही चवीचा."

"म्हणजे माणूस आला, दोन्ही कड्या काढल्या, अंडी घेतली आणि जाताना दोन्ही कड्या परत लावल्या?"

"हो."

"बोट न चेमटता?"

हेर्मिनिओने एक घोट घेतला. "म्हणजे बाई असणार. बोटं बारीक." मग आवाज खाली आणून म्हणाला, "सुनिल्दा."

"अरे म्हाताऱ्या, तिला ती अंडी आपण देणारच आहोत. ती कशाला चोरेल?"

"द्यायच्या आधी चोरली की देणं बाकीच राहतं. म्हणजे दोनदा मिळतात."

फ्लोरिसाने त्याच्या हातातला पेला काढून घेतला.

हेर्मिनिओने सापळा रचला. कपड्यांना घालायची फ्लोरिसाची नीळ त्याने वाटीभर पाण्यात कालवली, हिरवट-तपकिरी अंडी तीत बुडवली आणि वाळवून सगळ्यात खालच्या खोपट्यात मांडली. निळ्या अंड्यांच्या कोंबड्या तिथेच घालायच्या. चोराने अंड्याला हात लावला की हात निळा, आणि नीळ काही सहजासहजी निघत नाही. बायकोला त्याने यातलं काही सांगितलं नाही. तपासाच्या गोष्टी घरात फुटतात, असं त्याचं मत होतं.

सकाळी उठून तो कुंपणाचे खांब आणायला आरागिरणीवर गेला. मागे फ्लोरिसा खुराड्यात गेली, तर खालच्या खोपट्यात अंडी निळीशार. एखाद्या अंड्याचं नुसतं कवच पडलं होतं, पण बाकीची शाबूत होती. तिचा जीव भांड्यात पडला. सुनिल्दाचा निरोप कालच आला होता की कोंबडी खुडूक होऊन बसली आहे, खाली काही नाही म्हणून एका बटाट्यावरच बसली आहे, आणि फार दिवस बटाट्यावर बसणार नाही. फ्लोरिसाने अंडी ओच्यात घेतली आणि ओढा ओलांडून देऊन आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी हेर्मिनिओ खुराड्याबाहेर नवे खांब तासत होता. फाटक वाजलं. सुनिल्दा आली होती आणि तिचे हात मनगटापर्यंत निळे होते.

हेर्मिनिओने कुऱ्हाड बाजूला ठेवली. आयुष्यात प्रथमच त्याचा एखादा बेत जसाच्या तसा पार पडला होता.

"पापाय," तो वयाचा मान राखून म्हणाला, "हात बघू तुमचे."

"हातच दाखवायला आलेय."

"निळे आहेत."

"आंधळी नाही झालेले अजून."

"मग कबूल?"

"मी काय कबूल करू? अंडी तुझी, रंग तुझा." तिने पदराखालून अंडं काढून त्याच्या नाकासमोर धरलं. ते अर्धं निळं होतं आणि अर्धं तपकिरी. "कोंबडीच्या अंगाखाली उबलं, ओल धरली, आणि हे बघ काय झालं. तिचं पोट आभाळासारखं दिसतंय. बटाटासुद्धा निळा झालाय."

"बटाटा अजून आहे?"

"विषय बदलू नकोस, पोरा. मी तुला घोंगडी बीटात बुडवून लाल म्हणून दिली होती का?"

गलका ऐकून फ्लोरिसा हात पुसत बाहेर आली. "अंडी मीच दिली त्यांना. खालच्या खोपट्यातली."

हेर्मिनिओ तिच्याकडे वळला. "ती सापळ्यातली होती."

"सापळा होता तर सांगायचं होतंस."

"सापळा काय सांगून लावतात?"

"बायकोला सांगतात."

"कसला सापळा?" सुनिल्दाने विचारलं. "कुणासाठी?"

सुनिल्दाने आधी आपल्या हातांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि तिला सगळं कळलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"रविवारी देवघेवीच्या बाजाराला सगळी दरी जमेल," ती सावकाश म्हणाली. "मी तिथं हे अंडं घेऊन उभी राहीन. बोलायची काही नाही. नुसतं अंडं धुऊन दाखवीन."

ज्यांच्या ज्यांच्या जाळ्या त्याने आजवर ओढून बघितल्या होत्या, ते सगळे रविवारी तिथे असणार होते.

"त्राफकिन, ऐका तरी."

"त्राफकिन म्हणू नकोस. अजून काही दिलेलं नाहीस तू."

"खरी निळी अंडी आहेत माझ्याकडे. आत्ता समोर घालून दाखवतो. म्हणजे, कोंबडी घालेल. आत चला."

बाकीच्या कोंबड्या बाहेर उकरत होत्या. खालच्या खोपट्यात एकच बांडी कोंबडी अंग फुगवून बसली होती. तिघं तिच्यासमोर उकिडवे बसले. कोंबडीने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

"घालेल आता," हेर्मिनिओ म्हणाला.

तिघं थांबले.

"पोरा," सुनिल्दा म्हणाली, "तुझी कोंबडी गुरगुरतेय."

"वय झालंय तिचं."

"वय झालं की कोंबड्या गुरगुरतात?"

"दमा असेल."

सुनिल्दाने त्या दमेकरी कोंबडीच्या पोटाखाली दोन्ही हात घातले आणि तिला अलगद उचललं. गुरगुर खालीच राहिली. खोपट्यात एक गुइन्या झोपली होती. गुइन्या म्हणजे तिथलं रानमांजर; एवढीशी असते, घरच्या मांजरीच्या कुशीत मावेल इतकी. पण ही गुइन्या खाऊन खाऊन उशीसारखी झाली होती. अंगावर ठिपके, शेपटीवर वळी आणि निळ्या मिशा. तिने डोळे किलकिले करून जांभई दिली. जीभही निळीच होती.

मग हळूहळू सगळा उलगडा झाला. दाराखाली पाणी जायला एक फट ठेवली होती. पिल्लू असताना ती थंडीच्या तोंडावर त्या फटीतून आत आली असणार. बांड्या कोंबडीने तिला पंखाखाली घेतलं. हिवाळाभर तिने उंदीर खाल्ले आणि उंदीर संपल्यावर आईच्या पोटाखाली जे मिळालं ते. ते निळं असायचं, याला तिचा इलाज नव्हता. वसंतापर्यंत ती फटीत मावेनाशी झाली. कोंबड्यांना मात्र तिने कधी नखही लावलं नव्हतं. तिच्या समजुतीप्रमाणे ती घरातली माणसं होती.

सुनिल्दा पालथ्या बादलीवर बसली. कोंबडी अजून तिच्या मांडीवर होती.

"म्हणजे माझ्या कोंबड्या कोल्ह्याने नेल्या," ती म्हणाली, "आणि तू ही गुइन्या कोल्ह्यापासून राखलीस. दोन कड्या लावून."

"मला काय माहीत."

"जाळी मात्र पक्की आहे हं. ओढून बघू का?"

त्याच दुपारी गुइन्याला बाहेर काढलं. ती सफरचंदाच्या झाडाखाली जाऊन झोपली. संध्याकाळी कोंबड्या ओळीने आत निघाल्या, तर त्यांच्या मागून ती आत गेली आणि कडी लागायची वाट बघत दाराशी बसली. पुढच्या दिवशी हेर्मिनिओने तिला पोत्यात घालून डोंगराच्या कडेला सोडलं. ती त्याच्या आधी घरी पोचली.

शेवटी एवढंच ठरलं की अंडी दुपार व्हायच्या आत काढायची. त्याने काय ते जमलं. सुनिल्दाच्या कोंबडीखाली खरी निळी अंडी गेली, बटाट्याची सुटका झाली, आणि रविवारी हेर्मिनिओ मान खाली घालून देवघेवीला गेला. सुनिल्दाने अंडं धुतलं नाही. "हा माझा त्राफकिन," ती भेटेल त्याला सांगत होती. "याची जाळी इतकी पक्की, की रानमांजरसुद्धा जिवाच्या भीतीने याच्याकडे राहायला आलंय." ती थट्टा करत होती, पण लोकांनी ते मनावर घेतलं. पुढचा आठवडाभर माणसं खुराडं बघायला येत राहिली. उंदीर नाहीत म्हटल्यावर दोघातिघांनी आपल्यालाही एखादी गुइन्या मिळेल का, म्हणून चौकशी केली.

चौकशी फिरत फिरत शेतकी खात्यात पोचली. तिथून एक तरुण बाई आली. ती स्वभावाने चांगली होती, त्यामुळे तिच्याशी भांडणंही अवघड गेलं.

"वन्य प्राणी असा खुराड्यात ठेवता येत नाही, पेन्यी."

"ठेवला नाही. राहिलाय."

"मग बाहेर सोडा."

"सोडली. कडी लावायच्या वेळेला परत येते."

"पकडून लांब न्यायला परवानगी लागते."

"मग द्या ना."

"ती देत नाहीत. संरक्षित प्राणी आहे."

"तर मग तिला राहू द्या."

"तेही नियमात बसत नाही. खुराड्यात फक्त कोंबड्या असायला हव्यात. एवढंच माझ्या हातात आहे."

आत कुणीतरी गुरगुरत होतं. हेर्मिनिओने डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली आणि स्वतःच्याच अंगणात, कचेरीतल्या टेबलासमोर उभं राहावं तसा ताठ उभा राहून तो म्हणाला:

"तरी सदर मादी, रंग करडा, अंगावर ठिपके, अंडी देत नाही, संध्याकाळी वेळेवर आत येते व इतर कोंबड्यांशी वागणूक चांगली आहे, हे ध्यानात घेऊन तिची नोंद खात्याने कोंबडी म्हणून करून द्यावी, ही नम्र विनंती."