बाई उतरणीला लागल्या

"आईंना कॉटसकटच न्यायचं," असं सरांनी जाहीर केलं, तेव्हा कुणी हूं की चूं केलं नाही. सर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. वजन, चाकं, उतार हा सगळा त्यांच्याच खात्याचा कारभार, असं घरात धरून चाललेलं होतं.

सरांच्या सासूबाईंना सगळा रस्ता 'ऑपरेटरबाई' म्हणायचा. त्यांची सारी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती. न्हाणीच्या पायऱ्यांवरून घसरल्या त्या दिवसापासून त्यांनी अंथरूण धरलं. डॉक्टर म्हणाले, "हाड शाबूत आहे, चालायला हरकत नाही." बाई म्हणाल्या, "हाड तुमचं नाही, म्हणून हरकत नाही." मग दवाखान्यात असते तसली चाकांची कॉट भाड्याने आली आणि बाई छताकडे बघत राहिल्या. छताच्या पोपड्यांत त्यांना हळूहळू ढग दिसायला लागले, मग बेटं, मग एक उंटही. आता त्याच रस्त्यावर थोडं खाली, एकही पायरी नसलेलं घर मिळालं होतं. त्या घराची खिडकी शेजारच्या भिंतीवर उघडत होती, आणि छत नव्याने रंगवलेलं, कोरं करकरीत. बाईंना तिथे जायचं नव्हतं. पण त्यांना विचारलं कुणी?

निघताना लेकीचा हात आवरेना. "कॉट जातेच आहे तर," म्हणत तिने आईच्या पायाशी मिक्सर ठेवला, मग कुकर, भिंतीवरचं घड्याळ, पडद्यांचं गाठोडं आणि शेवटी सरांच्या पुस्तकांचा खोका.

"मी माणूस आहे का टेम्पो?" बाई म्हणाल्या.

"वजन वाढलेलं बरंच आई," सर म्हणाले. "जड वस्तू सहजासहजी जागची हलत नाही."

लेक किल्ल्या घेऊन पुढे गेली. सरांनी कॉट दाराबाहेर काढून रस्त्याच्या कडेला उभी केली आणि ते कुलूप लावायला वळले.

"अहो सर, ब्रेक लावलाय ना?" बाईंनी कॉटवरून विचारलं.

"गरजच नाही! इथे रस्ता सपाट आहे. स्थिर वस्तू बाहेरून बल लागल्याशिवाय हलत नाही. पहिला नियम!"

दार फुगलं होतं. सरांनी कडी धरून ओढलं, ते हललं नाही. पाय रोवून दोन्ही हातांनी ओढलं. दार धाडकन बसलं, कडी हातातून सुटली आणि सर पाठमोरे थेट कॉटवर आदळले.

"बघा, आता बल लागलं, म्हणून..." असं म्हणत ते वळले, तर कॉट जागेवर नव्हती.

बाईंना आधी वाटलं, आभाळच सरकतंय. कितीतरी महिन्यांनी त्यांना आभाळ दिसत होतं, आणि ते वाहत होतं. विजेच्या तारा पायाकडून यायच्या आणि डोक्यामागे निघून जायच्या. एका झाडाची सावली अंगावरून गार हात फिरवून गेली. गच्च्यांवरचे वाळत घातलेले शर्ट बाह्या हलवत होते. चाकं अशी काही गुणगुणत होती, की बाईंना ओरडायचं राहूनच गेलं.

मागून सरांचा आवाज येत होता, "आई, काहीतरी धरा! धरा!"

"काय धरू? मिक्सर?"

नव्या घराच्या दारात लेक उभी होती. "इकडे, आई, इकडे! अगं, हे आपलं..." एवढंच ऐकू आलं. लेकीचा उघडा राहिलेला जबडा बाजूने सरकत गेला. पाठोपाठ सर धापा टाकत गेले. "अहो, घर इथे आहे!" ती ओरडली. "माहीत आहे!" सर पुढूनच म्हणाले.

पुढे रस्त्याच्या मधोमध दोघीजणी सायकल आडवी धरून गप्पा मारत होत्या. बाईंनी मान उचलली. नोकरीतला तो ठणठणीत आवाज कुठूनसा आपोआप आला.

"लाइन मोकळी करा! कृपया लाइन मोकळी करा!"

दोघी सायकलसकट फुटपाथवर चढल्या. उताराच्या तळाशी सलून होतं. तिथल्या खुर्चीतून दुसऱ्या पेठेतले एक म्हातारे गृहस्थ, अर्ध्या गालाला फेस तसाच, ताडकन उठले. "अरे, हा तर ट्रंक कॉलचा आवाज!" ते सलूनवाल्याला म्हणाले. "आयुष्यभर ऐकलाय. चेहरा आज बघतोय."

तळ आला तशी कॉट थांबेल असं सगळ्यांना वाटलं. पण समोर चढ होता आणि पुस्तकांचा खोका जड होता. कॉट तशीच चढ चढली. चढता चढता मंदावली, आणखी मंदावली आणि अगदी क्षणभर थांबली. ना वर, ना खाली. एक पांढरी पिसासारखी ढगाची चिमूट नेमकी बाईंच्या नाकावर होती. कुठेच काही वाजत नव्हतं. घड्याळसुद्धा नाही, त्याचे सेल लेकीने काढून ठेवले होते. असंच राहावं, असं बाईंना फार वाटलं.

मग आभाळ उलटं वाहायला लागलं.

सर नुकतेच चढाला लागले होते. कॉट परत येताना बघून त्यांनी तिला थोपवायला दोन्ही हात पुढे केले आणि टाचा रोवल्या. उजव्या चपलेचा अंगठा तुटला, पाय मुरगळला आणि सर बाजूने सरकणाऱ्या कॉटवर कोलमडून थेट पडद्यांच्या गाठोड्यावर येऊन बसले. आता दोघंही निघाले.

"आई, माफ करा," सर कुकरला घट्ट कवटाळून म्हणाले.

"बोलू नका हो. वर बघा."

सरांनी वर बघितलं. त्यांनी वर्गात हजारदा उतार काढले होते, खडूने, बाण दाखवून. त्या उतारावर आभाळ कधी काढलं नव्हतं. कॉट तळाशी आली, थोडी अलीकडच्या चढावर गेली, परत फिरली, मग नुसती डुलल्यासारखी झाली आणि सलूनसमोर थांबली.

"थांबली का?" बाईंनी विचारलं.

"घर्षण, आई. चाकांचं, रस्त्याचं, थोडं हवेचं."

"वाईट झालं."

सरांचा घोटा टम्म फुगला होता. "यांना आडवं करा," सलूनवाला म्हणाला. पण कॉटवर जागा कुठे होती?

"मी उतरते," बाई म्हणाल्या.

बाईंनी एक पाय खाली सोडला, मग दुसरा. रस्ता उन्हाने तापलेला होता. कॉटचा दांडा त्यांनी अशी काही मूठ आवळून धरला की बोटं पांढरी झाली. सरांनी तोंड उघडलं, पण या वेळी त्यांनी ते मुकाट्याने मिटलं. बाई उभ्या राहिल्या होत्या.

मग वरात निघाली. सर कॉटवर आडवे, छातीवर घड्याळ. मागून सलूनवाला आणि अर्धी दाढी झालेले गृहस्थ ढकलताहेत, आणि दांडा धरून बाई एकेक पाऊल टाकताहेत. गृहस्थ सारखे म्हणत होते, "बाई, जरा तुमच्या त्या आवाजात 'बोला' म्हणा ना." बाई म्हणाल्या, "आधी ढकला."

लेक धावत दारात आली. कॉटवर नवरा बघून तिने छाती बडवून घेतली. "अहो, आई कुठेय?" मग दांड्याशी उभी आई दिसली आणि ती तिथेच मटकन उंबऱ्यावर बसली. रडावं की रागवावं, तिला समजेना. शेवटी तिने डोळे पुसले आणि दोन्ही दारं सताड उघडली.

"या, आत घ्या कॉट! डावीकडची खोली!"

सलूनवाल्याने कॉट वळवायला घेतली. बाईंनी दांडा सरळ धरला.

"थांबू नका, चालू द्या," त्या म्हणाल्या.

"आई, घर आलं!"

"कळलं गं. जरा वरपर्यंत जाऊन येतो आम्ही."

"आई, नको!" सर उठून बसायची धडपड करत होते. "आई, ऐका, वर नको!"

"पडून राहा," बाई म्हणाल्या. "आणि या खेपेला कुकर खाली ठेवा. मला बसायला जागा लागेल."