आमच्या घराची एक मिनिट शांतता

नॉर्मल दिसण्यात काय अवघड आहे? नवी मुंबईत नॉर्मल दिसण्याची स्पर्धा ठेवली, तर खांदेश्वरच्या आमच्या सोसायटीतून मीच थेट फायनलला जाईन! म्हणून कॉलेजमैत्रीण प्राचीचा फोन आला, तेव्हा मी एका सेकंदात हो म्हटलं.

प्राची डॉक्युमेंटरी बनवते. एका ओटीटीसाठी ती साध्या घरांतल्या साध्या सकाळींची मालिका करत होती.

"तेजश्री, काही म्हणजे काही करायचं नाही. जसे आहात तसे राहा."

"आम्ही तसेच असतो गं!" म्हणून मी फोन ठेवला आणि पडदे धुवायला काढले.

तिने एक फॉर्म पाठवला होता. त्यात 'मुलाचा स्वभाव' असा रकाना होता. मी लिहिलं, 'अतिशय बडबडा'.

आता तुमच्यापासून काय लपवायचं? अभिराम पावणेतीन वर्षांचा झाला, तरी बोलत नव्हता. ऐकू उत्तम येतं. आतल्या खोलीत वेफर्सचं पाकीट उघडलं की हा बाहेरून हजर! सगळं कळतं. पण बोलणं म्हणजे एक 'अं' आणि एक बोट. डॉक्टर म्हणाल्या होत्या, "तपासण्या छान आहेत. तीन पूर्ण होईपर्यंत थांबू, नाहीतर मग थेरपी. घाई करू नका. आणि टीव्ही कमी." घाई करू नका! हे मला सांगायचं म्हणजे प्रेशर कुकरला शिट्टी मारू नकोस सांगण्यासारखं आहे. उरणला मोऱ्याच्या धक्क्यावर लाँचची वाट बघत उभं राहावं, तशी मी दिवसभर त्या पोराच्या ओठांकडे डोळे लावून असायचे.

आणि 'टीव्ही कमी' वरून माझं सासऱ्यांशी शीतयुद्ध चालू होतं. बाबा रोज संध्याकाळी अर्धा तास अभिला मांडीवर घेऊन प्राण्यांचा माहितीपट बघतात. माहितीपट हा बाबांचा जुना आजार आहे.

"आमच्या वेळी एकच चॅनल," ते प्राचीला पहिल्या भेटीतच सांगायला लागले. "माहितीपट लागला की लोक चहा टाकायला उठायचे. धरण, शेळीपालन आणि एक गंभीर आवाज! मी एकटा बसून बघायचो. मग केबल आली, वाघ-मगरी घरात आले. आता हजार माहितीपट आहेत. खुनाचे आहेत, लग्नाचे आहेत, वडापावचेही आहेत. आणि कॅमेरा निघाला आमच्याकडे! आमच्यात काय बघायचंय?"

"बाबा, लोकांना आता वाघापेक्षा शेजारी जास्त बघायचे असतात," प्राची म्हणाली.

बाबांना त्या हिंदी निवेदकांचा ओरडा सहन होत नाही. म्हणून ते टीव्हीचा आवाज बंद करतात आणि त्या जुन्या गंभीर आवाजात स्वतःच निवेदन करतात. "मादी आता सावध झाली आहे. नर झुडपात विश्रांती घेत आहे." मी स्वयंपाकघरातून धुसफुसत असायचे. शूटिंग संपलं की रिमोट लपवायचा, हे मी मनाशी पक्कं केलं होतं.

शनिवारी सकाळी सातला प्राची आली. तिच्यासोबत एक कॅमेरामन आणि साउंडवाला शिवतेज. सोसायटीत मी कुणालाही पत्ता लागू दिला नव्हता. लोक जमले असते आणि 'अभि, बोल बोल' सुरू झालं असतं. सासूबाई नणंदेकडे नाशिकला होत्या. नवऱ्याला, शौनकला, मी नवा कुर्ता घालायला लावून पोळ्या लाटायला बसवलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा!

"हे रोज पोळ्या करतात?" प्राचीने विचारलं.

"रोज!" मी म्हटलं. शौनकने माझ्याकडे बघितलं. पोळीने श्रीलंकेचा आकार घेतला होता.

पहिला सीन बाबांचा. रोज सकाळी ते पेपर वाचायला वाचनालयात जातात. जाताना पुस्तकं नेतात आणि घराची किल्ली माझ्याकडे देतात, कारण मला अभिला प्लेग्रुपला सोडायचं असतं. बस, एवढाच सीन. पण त्यांची नेहमीची कापडी पिशवी अगदी विटलेली! टीव्हीवर कशी दिसेल? म्हणून मी पुस्तकं भरायला माझी माहेरची मोठी ट्रॅव्हल बॅग दिली.

कॅमेरा घरात, दाराच्या आड. बाबा बॅग घेऊन दाराबाहेर.

"बाबा, किल्ली ठेवून जा!" मी म्हटलं, किल्ली घेतली आणि दार लावलं.

"विमान!" शिवतेज कानावरचा हेडफोन दाबत म्हणाला. "वरून विमान गेलं. परत."

बेल वाजवून बाबा आत आले. पुन्हा बाहेर. "बाबा, किल्ली ठेवून जा!" दार बंद.

"बाबा, कॅमेऱ्याकडे बघून हसू नका. परत."

तिसऱ्या वेळी कुकर. चौथ्या वेळी पुन्हा विमान. विमानतळ सुरू झाल्याचा आनंद मी पेढे वाटून साजरा केला होता, ते पेढे आता घशाशी आले! पाचव्या वेळी माझा आवाज जरा चढला असेल. "बाबा! किल्ली! ठेवून! जा!" आणि दार धाडकन.

"परफेक्ट!" प्राची ओरडली. "सेफ्टीसाठी अजून एक घेऊ."

आम्ही थांबलो. बेल वाजेना. मी दार उघडलं. जिन्यात बाबा नाहीत, बॅग नाही. खाली वॉचमनला विचारलं, तर तो माझ्याकडे असं बघायला लागला, जसं काही मीच पाण्याची टाकी फोडली होती.

धावत वर आले, तर शौनकने पिठाच्या हाताने मोबाईल पुढे केला. सोसायटीचा ग्रुप. 'चारशे तीनमध्ये सुनेने सासऱ्यांना बॅगेसकट बाहेर काढलं.' खाली, 'एकदा नाही, पाचदा!' त्याखाली, 'सासू नाशिकला गेल्याची संधी साधली.' त्याखाली हात जोडल्याचे बावीस इमोजी.

"अरे देवा! बाबा कुठे आहेत?"

समोरच्या चारशे चारचं दार उघडलं. वेणूबाई! मूळच्या साताऱ्याकडच्या. त्यांचे यजमान भैरूभाऊ कांदा-बटाटा मार्केटला असतात. बाईंचा आवाज असा, की त्यांनी घरातून हाक मारली तर मार्केटमध्ये पोती खाली ठेवतील. त्यांच्यामागे टेबलाशी बाबा. पुढ्यात पिठलं-भाकरी.

"बाबा, तुम्ही सांगितलं नाही का यांना?"

"सांगणार होतो," बाबा घास गिळत म्हणाले. "पण तू पोह्यांना हात लावू दिला नाहीस. म्हणालीस, बशीतले पोहे कमी झाले तर पुढचा शॉट जुळायचा नाही. पिठलं गरम होतं गं."

वेणूबाई कंबर कसून माझ्या घरात शिरल्या. बाबा भाकरीचा तुकडा घेऊन मागोमाग.

"आगं, तुला काय लाजबीज हाय का न्हाई? म्हाताऱ्या मानसाला पाच डाव भायेर काढतीस? किल्ली काढून घेतीस? शिकली-सवरलेली तू! आन् हे कोन? वकील आनलेत व्हय?"

"मावशी, हे शूटिंग..."

"पोलीस बी आनलेत?"

"चालू ठेव, चालू ठेव!" प्राची कॅमेरामनच्या कानात आनंदाने कुजबुजली.

समजूत काढण्यात दहा मिनिटं गेली, पण पटेचना. माझा आवाज फाटला, डोळे भरले, मी जमिनीवर बसकण मारली आणि शौनक पडद्यामागे जाऊन उभा राहिला. शेवटी शिवतेजनेच हात वर केला.

"सगळे आहेत तिथे थांबा. मला खोलीची शांतता हवी."

"म्हंजी?" वेणूबाईंनी विचारलं.

"प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, मावशी. एडिटिंगमध्ये मधल्या जागा तिनेच भरतात. एक मिनिट कुणी हलायचं नाही. श्वाससुद्धा हळू."

त्याने पंखा बंद केला, फ्रिज बंद केला आणि आपल्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवली. जाताना किल्लीसाठी फ्रिज उघडावाच लागतो, मग तो चालू करायची आठवण राहते म्हणे! मग त्याने माइक उंच धरला.

शांतता. आमच्या घरात इतकी शांतता मी कधी ऐकलीच नव्हती. वेणूबाईंचं बोट माझ्या नाकासमोर तसंच. बाबांच्या गालात भाकरी. पडद्याखाली शौनकचे पाय. मी जमिनीवर बसलेली.

डायनिंग टेबलाखालून अभि बाहेर आला. त्याने एकेकाला नीट न्याहाळलं. सगळी मोठी माणसं दबा धरून बसलेली! हा प्रकार त्याच्या चांगलाच ओळखीचा असावा. तो माझ्यासमोर उभा राहिला आणि खालच्या, गंभीर, थेट बाबांच्या आवाजात म्हणाला,

"मादी घाबलली आहे."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"पिल्लू... इथे आहे."

मी तोंड उघडणार, इतक्यात शिवतेजने बोटांनी खूण केली. अजून वीस सेकंद! सांगते तुम्हाला, बाळंतपणाच्या कळा परवडल्या! डोळ्यांतून धारा, तोंड घट्ट मिटलेलं, मांडीवर पोरगं. पलीकडे बाबा भाकरी न चावता रडत होते. वेणूबाईंचं ते बोट खाली आलं आणि पदराचं टोक डोळ्यांना लागलं. कुणी हुं की चूं केलं नाही. जणू आवाज झाला तर ती दोन वाक्यं उडून जातील.

"ओके," शिवतेज म्हणाला. "झालं."

मग जो गोंधळ झाला, तो टिपायला माइकच शिल्लक नव्हता. हे अभिचं पहिलंच बोलणं, असं कळल्यावर शिवतेज त्याला खांद्यावर घेऊन नाचायला लागला. वेणूबाईंनी अभिवरून आणि माझ्यावरूनही हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली आणि ग्रुपवर स्वतःच्या आवाजात मेसेज टाकला, "काय बी झालेलं न्हाई, पोरगं बोललं!" मी बाबांच्या पायाशी वाकले. ते म्हणाले, "अगं, मी काय केलं? वाघिणीने केलं." रिमोट लपवायची जागा मी शोधून ठेवली होती, हे त्यांना आजतागायत माहीत नाही. तुम्हीही सांगू नका.

फिल्म गेल्या महिन्यात आली. सगळी सोसायटी क्लबहाउसमध्ये जमली. नंतर मी पाठ करून दिलेली मुलाखत? कापली. धुतलेले पडदे? दिसलेच नाहीत, शौनकचे पाय तेवढे दिसले. पूर्ण फिल्ममध्ये माझ्या तोंडी एकच वाक्य आहे, "बाबा! किल्ली! ठेवून! जा!" आता स्टेशनवर अनोळखी बायका माझ्याकडे रोखून बघतात. पण शेवटी पडदा काळा होतो आणि फक्त तो छोटासा आवाज येतो. तेव्हा क्लबहाउसमध्ये बघितलं, तर वॉचमनसुद्धा डोळे पुसत होता.

अभि आता थांबतच नाही. "मादी मोबाईल शोधते आहे. नल झोपला आहे." परवा डॉक्टरांकडे नेलं. त्या खूश! थेरपी नको म्हणाल्या. मग हसून त्यांनी अभिला विचारलं, "आणि ही कोण रे तुझी?"

"मादी."

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "आई म्हणायला लागेल हं. जरा वेळ द्या."

देते ना, हवा तेवढा देते. मादीला आता अजिबात घाई नाही.