तीन मजली केक आणि चकाचक फरशी

मोठ्या हॉटेलचे मॅनेजर स्वतः केक बघायला येणार म्हटल्यावर केकवाल्याचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. पसंत पडला तर वर्षभराचं काम, नाहीतर दुकानाला टाळं. त्याने गुळगुळीत तळाचे नवे बूट चढवले आणि स्वतःच्या हाताने साबणाच्या पाण्याने फरशी पुसली. दिवसभर सांडलेल्या लोण्यावर साबण बसला आणि फरशी अशी काही चमकू लागली की त्याचा ऊर भरून आला.

"अहो, कोरडी तरी करा," बायको म्हणाली. तिच्या पायांत रबरी तळाचे, खाचाखाचांचे जाडजूड बूट होते.

"कोरडी केली की चमक जाते. आणि तू आधी ते रणगाडे काढ! साहेब काय म्हणतील?"

"म्हणू देत. मी नाही काढणार."

दारात मोटार थांबली. "या साहेब, या!" करत केकवाला धावला. पाय पुढे गेले, बाकीचा माणूस मागे राहिला. पिठाच्या पोत्यांवर पडला म्हणून हाडं वाचली. त्याला उठवायला धाकटा भाऊ झिजलेल्या चपलांनिशी झेपावला, जाता जाता आधारासाठी केकची ढकलगाडी धरली, आणि गाडीला धक्का देऊन थोरल्याच्या पोटावर जाऊन बसला.

"दादा, लागलं का रे?"

"आधी ऊठ! वहिनीला हाक मार, केक चालला!"

तीन मजली केक खरोखरच दाराकडे निघाला होता. समोरून येणारे मॅनेजर घाबरून मागे सरले आणि तेही घसरले.

वहिनीने धावपळ केली नाही. पाऊल पूर्ण टेकवत, छोटी छोटी पावलं टाकत ती आली. एका हाताने तिने गाडी थोपवली, दुसऱ्याने साहेबांची कॉलर धरली. केकवरचं साखरेचं एक फूलसुद्धा हललं नाही. शाब्बास, दुसरं काय म्हणायचं!

"काम तुम्हालाच," साहेब लोंबकळत म्हणाले.

"अहो, पण चव?" पोत्यांतून केकवाला ओरडला.

"चव सगळ्यांचीच चांगली असते हो! आमच्या स्वयंपाकघरात आजवर एकही केक उभा पोचलेला नाही. बाई, पोचवायला तुम्हीच या."

"येईन. पण तुमची फरशी कोरडी हवी, आणि तिथल्या सगळ्यांच्या पायांत धड बूट."

"सगळ्यांच्या?"

"तुमच्यासुद्धा."

"बरं," साहेब म्हणाले. तेव्हा कुठे तिने त्यांची कॉलर सोडली.