मिनिटाला तीनशे चौऱ्याऐंशी मीटर

"या खेपेले मी खुर्चीत बसनार नाही, सांगून ठेवतो! मामाजीसोबत शेतात काम करीन. पाहशील तू!" अकोल्याच्या बसमध्ये बसल्या बसल्या पियुषने बायकोला, आचलला, बजावलं.

कारणही तसंच होतं. लग्नाला दोन वर्षं झाली, पण बाळापूरजवळच्या सासुरवाडीत तो पोचला की सासरे पंजाबराव निंबाखाली खुर्ची टाकत आणि म्हणत, "बसा जावईबापू." की संपलं! पाण्याचा गडू उचलायला गेला तरी तिघं धावून येत. साऱ्या गावाशी थट्टामस्करी करणारे पंजाबराव जावयापुढे मात्र तोंडाला कुलूप लावत. सत्काराला आलेल्या पाहुण्यासारखं बसून बसून पियुष कंटाळला होता. खरं सांगायचं तर त्याला वाईटही वाटायचं.

रविवारी सकाळी संधी चालून आली. वांग्याच्या एकरभर तुकड्यावर निंबोळी अर्क फवारायचा होता. बाटलीसोबतच्या कागदावर छापलं होतं, एका पंपात चारशे चौरस मीटर.

"मामाजी, पंप किती वेळात रिकामा होते?"

"सोळा मिनिटं."

"फवारा केवढा रुंद पडते?"

"मीटरभर."

"मंग तुमी चालता किती वेगानं?"

"चालतो आपला, पाय नेते तसा."

"असं अंदाजे कसं चालन?"

दहावीला पियुषला गणितात एक्क्याण्णव मार्क होते. ही बातमी त्याने मुलगी पाहायच्या कार्यक्रमात दिली होती आणि त्यानंतरही दोनदा दिली होती. त्याने कागद उलटा केला, खिशातला पेन काढला आणि लिहिलं, १६ × वेग = ४००.

"आता पाहा. वेगाले एकटं काढाचं. हा सोळा त्याले चिकटून बसला, त्याले हाकला पलीकडे! अन् बाजू बदलली की चिन्ह बदलते!" त्याने झोकात चारशेतून सोळा वजा केले. "हे घ्या! मिनिटाले तीनशे चौऱ्याऐंशी मीटर!"

पंजाबरावांनी कागदाकडे पाहिलं, वावराकडे पाहिलं, मग स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहिलं. वांग्याची एक ओळ शहाण्णव मीटरची. म्हणजे मिनिटाला चार ओळी! पण जावयाचा शब्द खाली पाडायची त्या घरात पद्धत नव्हती.

"तुमी म्हनता त बरोबरच असन," म्हणत अठ्ठावन्न वर्षांचे पंजाबराव पँट वर दुमडायला लागले.

"नाही नाही, मामाजी! मी घेतो पंप!"

वेग जरा जास्त वाटतोय, हे पियुषच्याही मनात आलं होतं. पण गणित कसं चुकेल? गावातले लोकच हळू चालत असतील! त्याने पंप पाठीवर आवळला आणि धूम ठोकली.

अर्धी ओळ बरी गेली. मग पाठीवरचे सोळा लिटर डुचमळायला लागले. ओल्या काळ्या मातीने उजव्या पायातला बूट ठेवून घेतला. फवारा आभाळावर पडला, धुऱ्याच्या बांधावर पडला, पियुषच्या तोंडावर पडला. वांगी तेवढी कोरडी!

धुऱ्यापलीकडून शेजारचे महादेवराव हे पाहत होते. पाठीवर पंप, एका पायात बूट, डोळे बाहेर आलेले, अशा अवस्थेत पंजाबरावाचा जावई पळतोय म्हटल्यावर त्यांना एकच गोष्ट सुचली.

"डुक्कर! रानडुक्कर घुसलं रे!"

काठ्या घेऊन चार गडी धावले, थेट पियुषच्या मागे! पियुषने वळून पाहिलं. काठ्या दिसल्या, आणि त्या सकाळी पहिल्यांदाच त्याचा वेग तीनशे चौऱ्याऐंशीला टेकला.

"थांबा रे, थांबा!" पंजाबराव हात हलवत ओरडले. "डुक्कर नाही काही! जावईबापू गणित करून राहिले!"

तोवर जावईबापू सरीत आडवे झाले होते.

आरडाओरडा ऐकून आचल आली. तिने कागद उचलला, वाचला आणि कपाळाला हात लावला. "अहो, सोळा गुणिले होता ना? मंग पलीकडे जाऊन वजा कसा झाला? भागिले होते! चारशे भागिले सोळा. पंचवीस!"

"पंचवीस?" पंजाबराव म्हणाले. "तेवढा त मी रोज चालतो."

पियुष चिखलातून उठून बसला. "मामाजी, तुमाले पटत नोहतं, त मले सांगतलं काहून नाही?"

"जावयाले कसं सांगाव जी!"

पियुषची मान खाली गेली. "चुकलं माह्यं. सपशेल चुकलं."

एवढा वेळ दाबून धरलेलं हसू आता पंजाबरावांना आवरेना. ते पोट धरून धुऱ्यावरच बसले. "अरे येड्या! एक्क्याण्णव मार्क कोनं देल्ले बे तुले?"

येड्या! बे! तुले! चिखलात बसल्या बसल्या पियुषला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. थोडं निंबोळी अर्काचंही असेल.

"हसतं काय? ऊठ! पंप भर. दहाच्या दहा राहिले. अन् हळू चाल!"

दहा पंप संपेपर्यंत अडीच वाजले. पाठ मोडली होती, पण पियुष खूश होता. हातपाय धुऊन तो ओसरीवर आला, तर महादेवराव आणि ते चार गडी ताटांवर बसलेले. पातोडीच्या रश्शाचा घमघमाट सुटला होता. जावयाला पाहताच सासूबाई पार्वताबाई लगबगीने ताट घ्यायला उठल्या.

"राहू दे वो," पंजाबराव म्हणाले. "पाहुन्याईले वाढ आधी. तो घरचाच हाय, पातोडी उरली त खाईन!"