जावईबापूंची दुरुस्ती

प्रत्येक कुटुंबाला कॉम्प्युटरमधलं कळणारा एक माणूस लागतो. हा माणूस निवडण्यासाठी परीक्षा नसते, मुलाखत नसते, अनुभवाची अट तर नसतेच. एखाद्या दिवशी तो योग्य वेळी योग्य खोलीत उभा असतो, एवढी पात्रता पुरते. नेमणूक तहहयात असते आणि राजीनामा स्वीकारण्याची सोय नसते.

या घराने जावईबापूंची नेमणूक केली ती ते मुलगी पाहायला आले त्या दिवशी. सासऱ्यांचा प्रिंटर कागद घेत नव्हता. जावईबापूंना (तेव्हा ते नुसते 'मुलगा' होते) बोलायला काही सुचेना, म्हणून त्यांनी प्रिंटरची वायर काढली आणि परत लावली. प्रिंटरने कागद घेतला. सासूबाई आतून म्हणाल्या, "मुलगा हुशार दिसतोय." लग्न ठरलं. त्या कागदावर काय छापायचं होतं, हे आजतागायत कुणाला आठवत नाही.

एरवी जावईबापू एका विमा कंपनीत परिपत्रकं लिहीत. 'आपणांस झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' हे एकच वाक्य तऱ्हेतऱ्हेने लिहिण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. काहीच निश्चित माहीत नसताना निश्चित सुरात बोलायची सवय त्यांना तिथेच लागली, आणि तांत्रिक क्षेत्रात ती फार उपयोगी पडली.

तर रविवारी दुपारी सासऱ्यांचा फोन आला.

"जावईबापू, फोल्डर उघडलं की मिटतंय."

"कोणतं फोल्डर?"

"कुठलंही. डोळा मारल्यासारखं करतं आणि जातं."

"हं," जावईबापू म्हणाले. (तज्ज्ञाच्या 'हं'मध्ये निदान, दिलासा आणि वेळकाढूपणा हे तिन्ही घटक सम प्रमाणात असावे लागतात.) "काही दाबू नका. येतो."

सासरे निवृत्त लिफ्ट तपासनीस. आयुष्यभर लिफ्टी तपासल्या आणि त्या तपासताना बंद ठेवाव्या लागत, म्हणून आयुष्यभर जिने चढले. जिन्यांवर त्यांचा जीव जडला. गोल जिने, लाकडी जिने, मधेच संपणारे जिने, जिथे दिसतील तिथे त्यांनी फोटो काढले. आता एका प्रदर्शनाने जिन्यांचे फोटो मागवले होते. एका माणसाचा एकच फोटो घेणार होते आणि मुदत त्याच संध्याकाळी पाचला संपत होती. सासऱ्यांनी महिनाभर विचार करून एक फोटो निवडला होता. कोणता, ते घरात कुणालाही सांगितलं नव्हतं, सासूबाईंना तर मुळीच नाही. तो स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवला होता, आणि फोल्डर डोळा मारत होतं.

जावईबापू बायकोसह हजर झाले. सासऱ्यांनी खुर्ची पुसली. माहेरी आलेल्या मेहुणीने खिडकीचा पडदा ओढला, कारण तज्ज्ञाच्या डोळ्यांवर ऊन येऊ नये. सासूबाईंनी चहा ठेवला. दुरुस्तीला सुरुवात होण्यापूर्वीच तिला यश आल्याचं वातावरण घरात तयार झालं.

पहिला उपाय रीस्टार्ट. हा उपाय सर्व रोगांवर चालतो, आणि चालला नाही तरी दरम्यान चहा पिऊन होतो. कॉम्प्युटर बंद झाला, सुरू झाला, फोल्डर उघडलं आणि मिटलं. पण या वेळी जाता जाता पडद्यावर एक निरोप आला. असे निरोप पूर्वीही येत असावेत, पण सासरे ते न वाचता 'ठीक आहे' दाबत आणि जावईबापू ते न वाचता 'रद्द करा' दाबत. आज मुदतीचा दिवस होता म्हणून जावईबापूंनी तो वाचला. फोल्डर दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला जी लायब्ररी फाईल लागते, तिचं व्हर्जन जुळत नाही, असं त्यात म्हटलं होतं.

"लायब्ररी?" सासरे म्हणाले. "माझ्याकडे त्यांचं एकच पुस्तक आहे. उद्या देतो नेऊन."

"बाबा, ही लायब्ररी वेगळी," जावईबापू म्हणाले, आणि त्यांनी समजावून सांगितलं. ते त्यांनी छान सांगितलं, हे मान्य करायला हवं. बिल्डिंगमध्ये प्रत्येक घराची वेगळी शिडी नसते. सगळ्यांत मिळून एक शिडी असते आणि ज्याला लागेल तो घेऊन जातो. तशी लायब्ररी फाईल ही सगळ्या प्रोग्रॅमांची सामाईक शिडी. आता कुणी गुपचूप ती शिडी नेली आणि तिच्या जागी तशीच दिसणारी, पण वरच्या दोन पायऱ्या नसलेली जुनी शिडी ठेवली, तर सवयीने चढणारा माणूस वर पाय टाकतो आणि पडतो. तुमचा प्रोग्रॅम तसा पडतोय.

सासऱ्यांना हे इतकं पटलं, की त्यांनी मान हलवत विचारलं, "पण शिडी बदलली कुणी?"

हा प्रश्न योग्य होता. त्याचं उत्तर शोधण्यासाठी जावईबापूंनी कॉम्प्युटरला हुकूम टाईप करून द्यायची काळी विंडो उघडली. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं दिसू लागली की घरातली माणसं आपोआप हळू आवाजात बोलतात. (या कुटुंबातल्या शंभर टक्के माणसांच्या मते काळी विंडो उघडता येणं म्हणजे अर्धी इंजिनियरिंगची पदवी.) त्यांनी त्या फाईलची माहिती काढली. फाईल खरोखरच जुनी होती. ती तिथे येऊन बसली तो दिवस मात्र अलीकडचा होता. जावईबापू मागच्या खेपेला इथे जेवायला आले होते, तो दिवस.

त्यांचे कान गरम झाले. त्या दुपारी, कुणी सांगितलेलं नसताना, कॉम्प्युटर 'नव्यासारखा पळवणारा' एक फुकटचा प्रोग्रॅम त्यांनी इथे टाकला होता. त्या प्रोग्रॅमने येताना स्वतःची जुनी शिडी बरोबर आणली आणि चांगली शिडी खाली फेकून दिली होती.

सदर बाब तूर्त उघड करणे कुटुंबाच्या हिताचे नाही, असा निर्णय त्याच जागी एकमताने घेण्यात आला. (उपस्थिती : एक.)

"व्हायरस?" मेहुणीने विचारलं.

"नाकारता येत नाही," जावईबापू म्हणाले. "भाऊजींना तुझा लॅपटॉप दे जरा." ते स्वतःबद्दल बोलत होते. अवघड प्रसंगी त्यांना स्वतःपासून थोडं दूर राहायला आवडे.

मेहुणीचा लॅपटॉप नवा होता. त्यातही त्याच नावाची फाईल होती. जावईबापूंनी ती पेन ड्राइव्हवर घेतली आणि काळ्या विंडोतून सासऱ्यांच्या कॉम्प्युटरमध्ये नेऊन बसवली. कॉम्प्युटर हरकत घेत होता. 'तुम्हाला परवानगी नाही' असं तो वारंवार सांगत होता. जावईबापूंनी नेटवर शोधून ती परवानगी स्वतःला देण्याचा मार्ग काढला. कार्यालयात ज्या गोष्टीला वर्षभर लागलं असतं, ती इथे चहा निवायच्या आत झाली.

मग रीस्टार्ट. पडदा उजळला, आणि तसाच राहिला. निळा, स्वच्छ, रिकामा. फोल्डर नाही, चित्रं नाहीत, खालची पट्टीसुद्धा नाही. जुनी शिडी आखूड होती. ही नवी शिडी इतकी उंच होती, की ती या छपराखाली उभीच राहत नव्हती.



"मिटणं तर थांबलं," जावईबापू म्हणाले. हे खरं होतं. फोल्डर मिटण्याच्या तक्रारीत शंभर टक्के घट झाली होती.

"मघाशी निदान डोळा तरी मारत होतं," सासरे म्हणाले. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, चष्मा काढून शर्टाला पुसला आणि खिशात ठेवून दिला. "असू दे. पुढच्या वर्षी पाठवू. जिने कुठे पळून जातायत." एवढं म्हणून ते गॅलरीत जाऊन उभे राहिले.

जावयाला सासऱ्यांनी रागावून बोललेलं सोसतं. न बोललेलं सोसत नाही. जावईबापूंनी त्या पाठीकडे पाहिलं, आणि परिपत्रकातलं एकही वाक्य त्यांच्या तोंडी येईना. ते उठून स्वयंपाकघरात गेले. सासूबाई चहाची भांडी विसळत होत्या.

"आई, ते... ती जुनी फाईल बहुतेक माझ्यामुळेच आली. मागच्या वेळी मी एक प्रोग्रॅम टाकला होता."

"माहीत आहे मला," सासूबाई म्हणाल्या.

"कधीपासून?"

"मागच्या वेळेपासून. तुम्ही गेल्यावर लगेचच ते मिटायला लागलं होतं. मग आपोआप बरं झालं, परत मिटायला लागलं. आज अगदीच आटोपलं."

"मग बोलला नाहीत?"

"जावयाला कसं बोलायचं?" सासूबाईंनी कप पालथा घातला. "चांगल्या मनाने केलं होतंत. आणि तेव्हा जेवायला बसायचं होतं."

त्यांनी हात पुसले, बाहेर येऊन कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूला चिकटवलेल्या कागदावरचा मदतकेंद्राचा नंबर वाचला आणि फोन लावला. तो कागद कॉम्प्युटर घेतला तेव्हापासून तिथेच होता. तो आजवर कुणी वाचला नव्हता, कारण घरात जाणकार माणूस होता. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे पलीकडच्या मुलीचं बोलणं सगळ्यांना ऐकू येत होतं.

"बंद पडण्याआधी कुणी दुसऱ्या कॉम्प्युटरमधून एखादी फाईल आणून बसवली होती का?"

"आमच्याकडे एकजण जाणकार आहेत," सासूबाई म्हणाल्या.

"अच्छा." मुलीचा आवाज एकदम मऊ झाला. डॉक्टर लोक वाईट बातमी सांगण्याआधी असा आवाज काढतात. "ते आत्ता खोलीत आहेत का, मॅडम?"

"आहेत."

"त्यांना थोडा वेळ बाहेर पाठवता येईल का? मी एक तपासणी चालू करायला सांगते. कॉम्प्युटर स्वतःच्या सगळ्या मूळ फाईली तपासतो आणि ज्या बदललेल्या असतील त्या जागच्या जागी परत आणतो. फक्त तेवढा वेळ कुणी हात लावायचा नाही. आमच्याकडे बहुतेक केसेस याच पायरीवर बिघडतात."

बायको उठली आणि तिने चपला घातल्या. "चल, जरा फिरून येऊ," ती जावईबापूंना म्हणाली. "हवा छान आहे."

हवा खरोखरच छान होती. ते दोघं कोपऱ्यापर्यंत गेले आणि तिथून आणखी एका कोपऱ्यापर्यंत गेले. जावईबापूंना परत फिरावंसं वाटलं की बायकोला एखादं दुकान दिसे. तिने त्यांना कुंड्या दाखवल्या, सतरंज्या दाखवल्या, बंद असलेलं एक दुकानही बाहेरून दाखवलं. रागावली नाही. त्यांचा दंड धरून चालत राहिली. बऱ्याच दिवसांत आपण असे चाललो नव्हतो, हे जावईबापूंच्या लक्षात आलं, आणि एवढ्या प्रसंगातही त्यांना बरं वाटलं.

ते परतले तेव्हा पाच वाजायला थोडाच अवकाश होता. दार उघडंच होतं. पडद्यावर फोल्डर उघडलेलं होतं आणि मिटत नव्हतं. सासूबाई खुर्चीत होत्या, सासरे मागे उभे होते, आणि समोर तो फोटो होता. एक अरुंद जिना, त्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून चपलेचा तुटलेला पट्टा जोडणारी एक तरुण बाई, चेहऱ्यावर वैताग.

"हा केव्हा काढलात?" सासूबाई विचारत होत्या.

"तेव्हाच. आपली ओळख व्हायच्या आधी."

"लिफ्ट बंद होती त्या दिवशी. चार मजले चढवलेत मला."

"तपासणी होती," सासरे म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "खरं तर तपासणी आदल्या दिवशीच झाली होती."

सासूबाईंनी मान वळवून त्यांच्याकडे नीट पाहिलं. एवढ्या वर्षांत ही माहिती त्यांना प्रथमच मिळत होती. "पाठवा," त्या शेवटी म्हणाल्या. "वैताग दिसतोय चेहऱ्यावर, पण जिना चांगला आलाय." आणि त्यांनी स्वतःच बटण दाबलं.

फोटो वेळेत गेला. पुढे तो प्रदर्शनात लागला. सासूबाई तो पाहायला जिना चढून गेल्या, लिफ्ट चालू असताना.

त्या संध्याकाळी सासऱ्यांनी सगळ्या नातेवाइकांना फोन केले. "कॉम्प्युटर पार गेला होता," ते सांगत होते. "जावईबापू आले म्हणून वाचला." यात खोटं काही नव्हतं. ते आले होते आणि तो वाचला होता. या दोन्हींच्या मधे ते बाहेर गेले होते एवढाच तपशील राहिला, आणि जावयाच्या बाबतीत तपशिलात कुणी शिरत नाही. मेहुणीच्या सासरहून, मावससासूबाईंकडून आणि शेजारच्या दंतवैद्यांकडून कॉम्प्युटर दाखवायला बोलावणी आली. जावईबापूंनी ती सगळी स्वीकारली. बायको हल्ली बरोबर जाते आणि चालायला सोप्या पडतील अशा चपला घालते.

आता वाचकांनी मनापासून हसायला हरकत नाही. फक्त त्याआधी एक छोटीशी गोष्ट आठवून पाहावी. गेल्या काही महिन्यांत तुम्ही कुणाच्या घरी त्यांचा बिघडलेला कॉम्प्युटर, फोन किंवा टीव्ही हातात घेऊन बसला असताना, घरातलं एखादं माणूस एकदम प्रेमाने म्हणालं होतं का, की जरा फिरून येऊ, हवा छान आहे?

आणि तुम्हालाही तेव्हा हवा छान वाटली होती ना.