चौसष्ट निरीक्षणं आणि एक बटण

न सापडलेला रोग हा वैद्यकशास्त्राचा पराभव असतो आणि न लिहिलेला रोग हा रुग्णालयाचा. पहिल्यात माणूस जातो, दुसऱ्यात खटला होतो. ओहायो राज्यातल्या हॅरोव्हिल काउंटी रुग्णालयाने यातला अधिक गंभीर धोका वेळीच ओळखला, याबद्दल त्याचं करावं तेवढं कौतुक थोडंच आहे.

झालं असं, की एका रुग्णाच्या पित्ताशयातला खडा कळवायचा राहून गेला आणि रुग्णालय कोर्टात हरलं. लगेच अकरा जणांची समिती नेमली गेली (डॉक्टर दोन, वकील नऊ). समितीने ठरवलं, की स्कॅनमध्ये जे दिसेल, दिसल्यासारखं वाटेल किंवा पुढेमागे दिसू शकेल, ते सगळं अहवालात लिहायचं आणि अहवाल थेट रुग्णाच्या फोनवर धाडायचा. वर्षभरात एका पानाचा अहवाल नऊ पानांचा झाला आणि 'निदान राहून गेलं' ही तक्रार शून्यावर आली.

डार्लीन ह्रुस्का शाळेची बस चालवायची. वय अठ्ठावन्न. दोन महिने खोकला हटेना म्हणून तिने छातीचा स्कॅन करून घेतला. अहवालात चौसष्ट निरीक्षणं होती. त्यातली काही अशी: मणक्यांची वयोमानानुसार झीज, डाव्या बरगडीला जुन्या मोडीची खूण, खांद्याच्या सांध्यात चुन्याचे कण, दोन वर्षांनी पाहावेत, यकृतावर किंचित चरबी, उजव्या फुफ्फुसात वरच्या भागात अठरा मिलिमीटरची गाठ, सहा आठवड्यांत पुन्हा तपासावी, महाधमनीला अल्पसा बाक, पोटात वायू, रुग्णाने स्कॅनच्या वेळी श्वास पुरेसा रोखला नसल्याची शक्यता.

फोन वाजला तेव्हा ती बसमध्ये बसलेली होती आणि शाळा सुटायला तीन मिनिटं होती. खाली 'अहवाल वाचला' असं बटण होतं. ते दाबल्याशिवाय डॉक्टरची वेळ मिळत नाही. तिने दाबलं. (रुग्णालयाच्या नोंदीनुसार नऊ पानं वाचायला रुग्णाला सरासरी चार सेकंद लागतात. या गावाची वाचनाची गोडी वाखाणण्यासारखी आहे.)

डॉक्टर फेल्डकँप हा सज्जन माणूस. त्याच्या दोन्ही मुली डार्लीनच्याच बसने शाळेत गेलेल्या.

"चौसष्ट म्हणजे काहीच नाही, डार्लीन. काल एकाची नव्वद होती, आणि तो इथून थेट गोल्फ खेळायला गेला."

"मग हा खोकला कसला?"

"वय झालं की यादी लांबतेच. सिरप घ्या, गरम पाणी प्या."

चौदा महिन्यांनी गाठ लिंबाएवढी झाली होती आणि तिने यकृतातही बिऱ्हाड थाटलं होतं. नव्या डॉक्टरणीने सांगितलं, फार तर पुढचा उन्हाळा.

"नागवं करूया त्यांना कोर्टात!" तिचा नवरा व्हर्न म्हणाला.

"नागवं कशाला रे? 'आमचं चुकलं' एवढं कुणीतरी तोंडाने म्हणू दे. बस झालं मला."

खटला उभा राहिला. रुग्णालयाचा वकील अतिशय अदबशीर होता. "निदान राहिलं म्हणता? निदान झालं, लिहिलं, पाठवलं. आणि दुपारी दोन वाजून सत्तावन्न मिनिटांनी तुम्ही ते वाचलंत. बटण तुमच्याच बोटाने दाबलंत ना, बाई?"

"दाबलं. पोरं ताटकळली असती हो."

"आभारी आहे."

डॉक्टरनेही तेच बटण दाबलं होतं (तीन सेकंदांत, तो अधिक शिकलेला आहे). म्हणजे रोग सर्वांना माहीत होता आणि कुणाचंही काही चुकलेलं नव्हतं. मधल्या सुट्टीत फेल्डकँप तिच्यासमोर थांबला. "डार्लीन, मी..." एवढं तो बोलला, तोच वकिलाने त्याचं कोपर धरून त्याला कॉफीकडे नेलं. क्षमा मागणं कबुलीजबाबात मोडतं, असं वकिलाचं मत होतं. डार्लीन त्या पाठमोऱ्या कोटाकडे किती तरी वेळ बघत राहिली. तेवढ्यासाठीच तर ती आली होती.

निकाल देणाऱ्या ज्युरीतल्या आठ पंचांना अहवालाची एकेक प्रत मिळाली. वाचल्याची सही करून ती परत द्यायची होती. सँडविचही त्याच सुमारास आले. चाळीस मिनिटांत निकाल रुग्णालयाच्या बाजूने लागला.

बाहेर पायऱ्यांवर मुख्य पंच भेटला. त्याचं खिळ्यामोळ्यांचं दुकान होतं. "वाईट वाटतं हो मला. पण सगळं लिहिलेलं होतं की त्यात."

"तुम्ही वाचलंत ते?"

"म्हणजे काय! सही केली ना."

डार्लीनला हसू आलं, हसता हसता खोकला आला आणि त्या खोकल्यात ती रडली, ते व्हर्नशिवाय कुणाला कळलं नाही.

वाचकांनी पंचांना खुशाल नावं ठेवावीत. फक्त त्याआधी एक करावं. अहवालातला तो भाग वर दिला आहे आणि आपण तो वाचला आहे. गाठ किती आठवड्यांत पुन्हा तपासायची होती, ते मागे न पाहता सांगावं. घाई नाही. डार्लीन जूनमध्येच गेली.